काचेवरचा टू-इन-वन: डॅशकॅमवाला नेव्हिगेटर बसवायचा कसा, वापरायचा कसा

डॅशकॅम आणि नेव्हिगेटर एकाच डब्यात असलेली यंत्रं आपल्याकडे मुख्यतः दोन रूपांत दिसतात. एक म्हणजे गार्मिनच्या ड्राइव्हकॅमसारखा सहा-सात इंची स्क्रीनचा नेव्हिगेटर. त्याच्या पाठीवर कॅमेरा असतो आणि तो सक्शन कपने किंवा चिकटपट्टीने समोरच्या काचेला लावतात. दुसरं म्हणजे गाडीतल्या आरशावर रबरी पट्ट्यांनी बांधायचा अँड्रॉइड आरसा, ज्यात नकाशा, पुढचा कॅमेरा आणि मागच्या कॅमेऱ्याची जोडणी असं सगळं येतं.

दोन्हींची अडचण एकच आहे. कॅमेऱ्याला काचेवर उंच, मधोमध, वायपर फिरतो तिथे जागा हवी असते आणि एकदा बसवल्यावर त्याला कुणी हात लावू नये अशी त्याची अपेक्षा असते. नकाशाला मात्र जागा हवी खाली, नजरेच्या टप्प्यात, हात पोचेल अशी. यंत्र कितीही महागाचं घेतलं तरी हे भांडण मिटत नाही. जिथे दोघांचं जमत नाही तिथे कॅमेऱ्याच्या बाजूने निकाल द्यावा. रस्ता चुकला तर चहाच्या टपरीवर विचारता येतं, खिशातला फोन काढता येतो. न झालेलं रेकॉर्डिंग नंतर कुठूनच मिळत नाही.

आरशाचा प्रकार घेणार असाल तर पैसे देण्याआधी एक गोष्ट तपासा: यंत्र उजव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी आहे का. यातली बरीच मॉडेलं डाव्या स्टिअरिंगच्या देशांसाठी बनतात, आणि लेन्स बाहेर काढायची बाजू आपल्या गाडीत नेमकी चुकीची येते. मग लेन्स आरशाच्या दांड्यावर किंवा कंपनीच्या सेन्सरच्या खोक्यावर आपटते, आणि अर्ध्या चित्रात काळं प्लास्टिक दिसतं. गाडीचा मूळ आरसा किती रुंद आहे तेही मोजा. छोट्या हॅचबॅकच्या आरशावर बारा इंची आरसा बांधला की सन व्हायझर खाली येत नाही.

जागा

काचेला लावायचं मोठ्या स्क्रीनचं यंत्र उंच लावलं तर नजर झाकली जाते, म्हणून त्याच्यासाठी आपल्याकडच्या गाडीत सगळ्यात बरी जागा म्हणजे काचेचा मधला खालचा भाग, स्टिअरिंगच्या थोडं डावीकडे. सीटवर नेहमीसारखं बसून पाहा: यंत्राची वरची कड बॉनेटच्या रेषेच्या वर जाता कामा नये. पुष्कळ जण ते उजव्या कोपऱ्यात, खांबाजवळ लावतात, कारण तिथे ते हाताशी येतं. पण उजवीकडे वळताना पादचारी आणि दुचाकी जिथे दिसायला हवेत नेमकी तीच जागा झाकली जाते, शिवाय कॅमेऱ्याला डावीकडची लेन तिरकी दिसते.

कायम करण्याआधी वायपर चालवून पाहा. लेन्ससमोरची काच वायपरच्या फटकाऱ्यात यायलाच हवी. कोपऱ्यातला न पुसला जाणारा त्रिकोण उन्हाळ्यात स्वच्छ दिसतो आणि जूनमध्ये सगळं रेकॉर्डिंग धुऊन नेतो.

लेन्सचा कोन स्क्रीनवर बघून ठरवा. क्षितिजाची रेषा चित्राच्या मध्यावर किंवा किंचित वर यावी आणि बॉनेटची कड खाली जेमतेम दिसावी. आकाश जास्त घेतलं तर कॅमेरा आकाशाच्या उजेडाप्रमाणे प्रकाश बेततो, रस्ता काळा पडतो आणि पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत नाही. हा कोन घराजवळच्या चढावर न ठरवता सपाट रस्त्यावर गाडी उभी करून ठरवा.

काच आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा. काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते, तिच्यावर ना सक्शन कप धरतो ना चिकटपट्टी. चिकटपट्टी लावताना काच थंडगार नको; एसी बंद करा, अर्धा मिनिट जोर लावून दाबा आणि शक्य असेल तर यंत्र दुसऱ्या दिवशी अडकवा. लगेच वजन टांगलं की पहिल्याच खड्ड्यात पट्टी सुटते.

आता प्रतिबिंब. डॅशबोर्डवरचा गणपती, टोलच्या पांढऱ्या पावत्या, चकचकीत मॅट, पॉलिश मारून चमकवलेलं प्लास्टिक हे सगळं दुपारी काचेत उमटतं आणि रेकॉर्डिंगवर पांढरट सावलीसारखं पसरतं. लेन्सवर सीपीएल फिल्टर (प्रतिबिंब कापणारी फिरती काच) बसत असेल तर तो फिरवत फिरवत प्रतिबिंब कमीत कमी होईल तिथे थांबवा. मात्र हा फिल्टर बराच प्रकाश खातो. रात्रीचा लांबचा प्रवास असेल तर काढून ठेवा. ज्याला फिल्टर बसत नाही त्याने काळं, चमक नसलेलं कापड डॅशबोर्डवर अंथरलं तरी काम भागतं, आणि गणपतीला थोडं बाजूला सरकवलं तर तो रागावत नाही.

काचेवर उष्णता परतवणारा धातूचा थर किंवा तशी फिल्म असेल तर जीपीएसचा सिग्नल अडतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये उपग्रहांची माहिती दाखवणारं पान असतं. मोकळ्या मैदानात गाडी उभी करून ते पाहा, मग यंत्र खिडकीतून हातभर बाहेर धरून पुन्हा पाहा. फरक मोठा असेल तर दोष काचेचा आहे. अशा काचांमध्ये आरशाभोवती बहुधा थर नसलेली एक खिडकी ठेवलेली असते; ॲन्टेना तिथे आणा किंवा बाहेरचा ॲन्टेना जोडता येणारं मॉडेल घ्या.

वीज: निम्म्या तक्रारी इथल्याच

साधा डॅशकॅम पाऊण-एक अँपिअरमध्ये चालतो. सात इंची स्क्रीन, जीपीएस आणि रेकॉर्डिंग एकत्र आलं की पाच व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत लागू शकतात. गाडीच्या म्युझिक सिस्टिमचा यूएसबी पोर्ट बहुतेकदा अर्धा ते एक अँपिअर देतो. मग स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह दिसत असतानाच बॅटरी हळूहळू उतरते आणि दीड-दोन तासांनी यंत्र बंद पडतं. त्याच पोर्टची दुसरी खोडी अशी की डेटा केबल लावली तर यंत्राला वाटतं आपल्याला कॉम्प्युटरला जोडलंय. ते फाइल देण्या-घेण्याच्या पडद्यावर जातं आणि नकाशा दिसतच नाही. यंत्रासोबत आलेली गाडीची केबल आणि चार्जरच वापरा. केबल खराब झाली तर बदली केबल तेवढ्याच अँपिअरची, जाड वायरची घ्या. साडेतीन मीटर लांब बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि यंत्र दर थोड्या वेळाने आपोआप रीस्टार्ट होतं. स्वस्तातले चार्जर विजेच्या गोंगाटाने जीपीएसही बिघडवतात. ओळखायची खूण: चार्जर काढला की उपग्रह पटकन सापडतात आणि एफएमची खरखरही थांबते.

वायर कायमची आत टाकायची असेल तर हार्डवायर किट घ्या. त्यात तीन टोकं असतात: कायम चालू असलेल्या विजेसाठी एक, चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेसाठी एक आणि अर्थिंगसाठी एक. फ्यूजबॉक्स उघडून मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने पाहा, कोणता फ्यूज चावी बंद असतानाही चालू राहतो आणि कोणता चावीबरोबर येतो-जातो. चावीच्या वायरीसाठी सिगरेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज योग्य, पण आधी तपासा, कारण काही गाड्यांत तो कायम चालू असतो. एअरबॅग, एबीएस, इंजिनचं कंट्रोल युनिट यांच्या फ्यूजना हात लावू नका. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून नव्या वायरीला वीज देणारा जोड, तुमच्या गाडीच्या फ्यूजच्या मापाचा हवा. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ दिसायला जवळजवळ सारखे असले तरी एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. यंत्राच्या वाट्याला दोन-तीन अँपिअरचा फ्यूज पुरतो. टॅप उलटा बसवला तर दोन्ही सर्किटांचा भार एकाच फ्यूजवर येतो, म्हणून टॅपचं येणाऱ्या विजेचं टोक मल्टिमीटरने शोधून त्याच बाजूला ठेवा. अर्थिंग रंग नसलेल्या उघड्या पत्र्यावरच्या बोल्टखाली द्या. रंगावर दिलेली अर्थिंग कधी चालते, कधी नाही, आणि असा बिघाड शोधणं महाकठीण.

वायर छताच्या अस्तराच्या कडेतून, मग दाराच्या रबरी बीडिंगखालून न्या. समोरच्या खांबाच्या आवरणामागे कर्टन एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून जावी, पुढून कधीच नाही. पुढून गेलेली वायर एअरबॅग उघडताना अडकते किंवा सुसाट बाहेर फेकली जाते. एवढं काम स्वतः करायची खात्री नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि त्याला एकच अट घाला: मूळ वायर कापायची नाही. वायर कापून जोड दिला की नव्या गाडीच्या वॉरंटीवर वाद होतो.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग, हवाच आहे का, याचा विचार करा. बारा व्होल्टवर पाव अँपिअर धरला तरी चोवीस तासांत ६ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे गाडी तीन दिवस उभी राहिली की निम्मी बॅटरी संपते. हार्डवायर किटवर कमी व्होल्टेजला वीज तोडायचं बटण असतं, ते १२.२ वर ठेवा. चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास असते आणि १२.२ ला ती साधारण अर्धी झालेली असते. काही किटवर ११.६ चाही पर्याय असतो. त्यावर ठेवलं तर कॅमेरा चालू राहील, गाडी मात्र चालू होणार नाही.

कार्ड

साधं स्वस्त मेमरी कार्ड इथे टाकू नका. डॅशकॅम तेच कार्ड पुन्हा पुन्हा पुसून लिहितो आणि साधं कार्ड काही महिन्यांत गुपचूप मरतं. गुपचूप अशासाठी की लाल दिवा लुकलुकत राहतो, फाइल तयार झालेली दिसते, पण उघडत नाही. पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं, यू-३ किंवा व्ही-३० दर्जाचं (हे लिहिण्याच्या वेगाचे शिक्के) कार्ड घ्या, आणि यंत्र जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड घेतं ते पुस्तिकेत पाहून घ्या.

किती जीबी लागतील याचा हिशोब सोपा आहे. १४४० पी दर्जाचं रेकॉर्डिंग सेकंदाला साधारण १६ मेगाबिट खातं, म्हणजे २ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ७ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात ते नऊ तासांच्या आत संपतं, आणि लॉक केलेल्या, म्हणजे पुसल्या जाऊ नयेत म्हणून राखलेल्या, फाइलींसाठी राखीव जागा सोडली तर सात तासही मिळत नाहीत. मागचा कॅमेरा जोडलात तर आणखी कमी. समृद्धीवरून मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर जायचं, मध्ये जेवण, चहा, चार्जिंग किंवा पेट्रोल. नागपुरात शिरताना सकाळचं रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं असतं. अशा प्रवासांसाठी १२८ जीबी.

कार्ड महिन्यातून एकदा फॉरमॅट करा, आणि तेही यंत्राच्याच मेनूतून. कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलेलं कार्ड काही यंत्रं घेत नाहीत किंवा त्यावर अडखळत लिहितात. रेकॉर्डिंग चालू असताना कार्ड ओढून काढू नका. या फाइलींची अनुक्रमणिका बहुधा फाइल बंद होताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर चित्र कार्डावर असूनही शेवटची फाइल उघडत नाही. यंत्रात बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग) असतो तो नेमका या शेवटच्या काही सेकंदांसाठी.

पहिल्या दिवशीची सेटिंग

घड्याळ सगळ्यात आधी. जीपीएसची वेळ जागतिक असते, तिच्यात ५ तास ३० मिनिटं मिळवायची असतात. काही यंत्रांच्या यादीत अर्ध्या तासाचा पर्याय नसतो. तिथे आपोआप वेळ घ्यायचं बंद करून हाताने लावा, नाहीतर रेकॉर्डिंगवरची वेळ आणि एफआयआरमधली वेळ यांत अर्ध्या तासाचा फरक राहील. सेकंडहँड जुना नेव्हिगेटर घेतला आणि तारीख सुमारे साडेएकोणीस वर्षं मागची दिसली तर घाबरू नका. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा १०२४ नंतर शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, आणि अपडेट न झालेली यंत्रं अजून तिथेच अडकलेली आहेत. कंपनीचं फर्मवेअर मिळालं तर दुरुस्त होतं; न मिळालं तर ते यंत्र पुराव्यासाठी वापरू नये.

फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवा. ६० वर राहिली तर रेकॉर्डिंगमध्ये रस्त्यावरचे दिवे लपलपतात. लूप, म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणाऱ्या रेकॉर्डिंगचा एकेक तुकडा, एक किंवा तीन मिनिटांचा ठेवा: दहा मिनिटांची एक फाइल बिघडली तर दहा मिनिटं जातात, आणि फोनवर उतरवायलाही छोटी फाइल बरी.

जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा भाग, आपल्या रस्त्यांवर कमीत कमी संवेदनशीलतेवर ठेवा. कारखान्यातून येतं त्या मधल्या सेटिंगवर प्रत्येक स्पीडब्रेकर त्याला अपघात वाटतो, तो फाइल लॉक करतो, आणि लॉक झालेल्या फाइलींवर लूप लिहीत नाही. दोन आठवड्यांत कार्ड लॉक फाइलींनी भरतं, ‘कार्ड फुल’ असा संदेश येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. किंवा यंत्र शहाणं असेल तर जुन्या लॉक फाइली पुसतं, ज्यात तुम्हाला हवी असलेलीही जाते. हाताने लॉक करायचं बटण कुठे आहे ते न बघता सापडेल इतकी सवय करून घ्या.

आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवायचं की नाही? गाडीत इतर लोक असतील तर बंद, किंवा त्यांना सांगून चालू. पण एकटे असताना चालू असण्याचा मोठा फायदा आहे. रात्री समोरच्या हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट चित्रात पांढरी होते. धडक देऊन पळणाऱ्याचा नंबर डोळ्यांना दिसला तर मोठ्याने वाचा, तो आवाजात राहतो.

पुढची गाडी जवळ आल्याचा आणि लेन सुटल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रांना कॅमेऱ्याची उंची, गाडीच्या मध्यापासूनचं अंतर आणि क्षितिज समजावून द्यावं लागतं. टेपने मोजून आकडे भरा, अंदाजाने नको. यंत्र दहा सेंटिमीटर सरकवलं तरी ही जुळणी पुन्हा करावी लागते, आणि सक्शन कपवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं. गार्मिनच्या यंत्रांत पुढच्या गाडीचा इशारा ताशी ४८ किलोमीटरच्या वर आणि लेनचा ६४ च्या वर सुरू होतो. शहरात तो बोलत नाही म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका. आमचं मत विचाराल तर लेनचा इशारा एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर चालू ठेवावा, कारण तिथे पट्टे नीट आखलेले असतात आणि सरळसोट रस्त्यावर डुलकीचा धोका खरा असतो. गावातून जाणाऱ्या राज्यमार्गावर तो सतत कोकलतो आणि माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, जे जास्त वाईट.

नकाशा

तळघरातल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढलीत की लगेच सुसाट निघू नका. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, आणि ती मध्ये खंड न पडता घ्यावी लागते. गेटबाहेर उघड्या आकाशाखाली मिनिटभर उभं राहिलं तर ती एका दमात मिळते. इमारतींच्या गल्लीतून चालत्या गाडीत तीच माहिती तुटक मिळत राहते. अगदी नवं यंत्र, किंवा महिनोन्‌महिने बंद असलेलं, पहिल्यांदा पंधरा मिनिटंही घेऊ शकतं, कारण सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी यायलाच साडेबारा मिनिटं लागतात.

ठिकाण निघण्याआधी भरा, मार्ग पूर्ण पाहा, मग गिअर टाका. नेव्हिगेटरचा नकाशा यंत्रातच साठवलेला असतो, त्यामुळे घाटात रेंज गेली तरी तो चालतो. पण अपडेट केला नसेल तर नव्या रस्त्यावर तुमची गाडी शेतातून चाललेली दिसते आणि बाई दर मिनिटाला यू-टर्न घ्यायला सांगते. अपडेट काही जीबींचं असतं. ते घरी वायफायवर, यंत्र चार्जरला लावून करा.

आपल्याकडचे पत्ते या यंत्रांना पचत नाहीत. ‘मारुती मंदिरामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी’ हे कुठल्याच शोधात सापडणार नाही. अक्षांश-रेखांश भरणं सगळ्यात खात्रीचं, फक्त पद्धत बघून. फोनवरून येतात ते दशांशात, उदाहरणार्थ १८.५२ अंश. यंत्र अंश-मिनिटांत मागत असेल आणि तुम्ही १८ अंश ५२ मिनिटं भरलीत तर पुण्याऐवजी ३८ किलोमीटर उत्तरेला पोचाल. १८.५२ म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद. सेटिंगमध्ये दशांशाची पद्धत निवडली की हा घोळच संपतो.

टाळायच्या रस्त्यांच्या यादीत फेरी हा पर्याय असतो आणि काही यंत्रांत तो आधीच खुणावलेला असू शकतो. कोकणात जाताना तो बघाच. खूण असेल तर दापोलीहून गुहागरला निघालेल्याला यंत्र दाभोळ–धोपावे फेरी दाखवतच नाही, खेड-चिपळूणचा वळसा घालायला लावतं. वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, तवसाळ–जयगड इथेही तेच. खूण काढलीत तर उलटी गंमत: रात्री उशिरा फेरी बंद असते हे यंत्राला माहीत नसतं, ते तुम्हाला जेट्टीच्या अंधारात नेऊन सोडतं. ‘सर्वात जवळचा मार्ग’ हा पर्याय सह्याद्रीत विसरा, ‘सर्वात जलद’ ठेवा. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात. पुण्याहून महाडला जाताना यंत्र तिकडे ओढत असेल तर ताम्हिणी किंवा माणगाव मधला थांबा म्हणून भरा, म्हणजे ते निमूटपणे वळतं.

बोगद्यात जीपीएस जातं. एक्सप्रेसवेवरचे छोटे बोगदे कळतही नाहीत, पण समृद्धीवर इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. तिथे यंत्र शेवटच्या वेगावरून अंदाजाने बाण पुढे ढकलतं, आणि रेकॉर्डिंगवरचा वेग गोठतो किंवा शून्य होतो. बाहेर पडल्यावर काही सेकंद त्याच्यावर विसंबू नका. मुंबईच्या कोस्टल रोडवर बोगद्यानंतर लगेच फाटे आहेत, तिथे पाटीच बघायची. उड्डाणपुलांचंही असंच. जीपीएसला उंची नीट कळत नाही, त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की खालच्या सर्व्हिस रोडवर, यात ते हमखास फसतं.

यंत्रावरचा वेग काट्यापेक्षा थोडा कमी दिसतो. काटा मुद्दाम जास्त दाखवण्यासाठीच बनवलेला असतो, यंत्राचा आकडा स्थिर वेगात जास्त खरा. तरीही काटा १०५ दाखवत असताना यंत्र ९९ म्हणतंय या भरवशावर गाडी दामटू नका: चढ-उतारावर आणि वेग बदलताना यंत्राचा आकडा मागे राहतो.

‘घर’ म्हणून स्वतःचं घर नोंदवू नका, जवळचा चौक किंवा पेट्रोलपंप नोंदवा. काच फोडून यंत्र नेणाऱ्याला पत्ता आणि तुम्ही घरी नाही ही बातमी, दोन्ही एकदम मिळू नयेत.

ऊन आणि पाऊस

विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत काचेजवळचं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं. लिथियम बॅटरी असलेलं यंत्र तिथे ठेवलं तर बॅटरी फुगते, आवरणाची शिवण उघडते, आणि स्क्रीनवर डाग दिसू लागतात. सक्शन कपवालं यंत्र उतरवून सीटखाली ठेवा. कायम बसवायचंच असेल तर सुपरकपॅसिटरचं मॉडेल शोधा. तापलेल्या गाडीत आल्यावर एसीचा झोत थेट यंत्रावर सोडू नका.

पावसात चित्र धुरकट झालं तर आधी काच आतून बघा. बहुतेकदा लेन्स ठीक असते, वाफ काचेवर असते. डिफॉगर काचेकडे वळवा. वायपरचं रबर जुनं झालं असेल तर त्याचा ओरखडा नेमका लेन्ससमोर राहतो, आणि रात्री समोरून येणारा प्रत्येक दिवा तारा होऊन फुटतो.

अपघात झाला तर

आधी माणसं. मग लॉकचं बटण दाबा, आणि गाडी सुरक्षित थांबल्यावर यंत्र मेनूतून बंद करून कार्ड काढा. यंत्र तसंच चालू ठेवलं तर पोलीस येईपर्यंतच्या तास-दोन तासांत लूप पुढे सरकत राहतो. अॅपवरून फोनवर उतरवणार असाल तर मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद करा. यंत्राच्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून फोन ते सोडून सारखा नेटवर्कवर उडी मारतो.

मूळ कार्ड हाच खरा पुरावा. ते परत यंत्रात घालू नका, दुसरं विकत घ्या. कार्ड कॉम्प्युटरला लावायच्या ॲडॉप्टरची लॉकची पट्टी सरकवून कॉपी काढा. धडकेची एकटी फाइल नको, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन फाइलीही घ्या. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि नंबरप्लेट जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कार्ड पोलिसांना दिलंत तर पंचनाम्यात त्याचा उल्लेख करून घ्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा असतो, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा अंक-अक्षरांचा ठसा, लिहायचं असतं. ते मूल्य त्याच दिवशी काढून ठेवा. विंडोजमध्ये आधीच असलेल्या सर्टयुटिल (certutil) या आज्ञेने एसएचए-२५६ प्रकारचं हॅश मूल्य काढता येतं. त्यानंतर फाइल कापू नका, नाव लिहायला म्हणून एडिटरमधून पुन्हा सेव्ह करू नका. एक फ्रेम बदलली तरी मूल्य बदलतं. विमा कंपनीला कॉपी द्या, मूळ कार्ड नाही.